बैल पुण्यात, गाडी परभणीत

आमच्या पुतण्याला कुणी विचारलं, ‘काय करतोस रे सध्या?’ की तो सरळ सांगतो, ‘इलेक्ट्रिक गाड्या चालवतो.’ पाहुणा खिडकीतून अंगणात डोकावतो. अंगणात तुळस, धुण्याचा दगड आणि एक जुनी बॅटरीवाली स्कूटर.

‘गाडी कुठाय मग?’

‘गाडी नाहीये. तिचं मॉडेल आहे.’

कामाचं खरं लोखंड एकच, मोटर. ती पुण्याच्या एका चाचणीगृहात बोल्टनं घट्ट आवळून ठेवलेली असते. चाकं, बॅटरी, माणसांचं वजन, चढ, समोरचा वारा हे सगळं नुसतं आकड्यांत, इथं त्याच्या लॅपटॉपवर. रस्ता या घडीला मोटरला किती मागं ओढेल ते मॉडेल सांगतं आणि समोरचं डायनो नावाचं यंत्र तेवढंच ओढतं. बिचाऱ्या मोटरला वाटतं, आपण घाट चढतोय. पुतण्याचे वडील, आमचे दादा, कृषी विद्यापीठातून निवृत्त झालेले. वाण जमिनीत लावून बघायची सवय. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘म्हंजे बैल पुण्यात अन् गाडी परभणीत.’

मग मी हुशारी केली. ‘मधेच नेट अडकलं तर?’ तो खुलला. ‘काका, दुबईच्या मामाशी बोलताना दोघंही एकदम बोलता अन् दोघंही एकदम थांबता ना? मोटरचंही तसंच होतं. निरोप उशिरा पोचला की ती थरथरते.’ हिशेब दर मिलिसेकंदाला करायचा आणि इथून पुण्याला जाऊन यायलाच निरोपाला कितीतरी मिलिसेकंद लागतात. म्हणून घाईचा हिशेब करणारं यंत्र तिकडं मोटरशेजारीच. हा इथून चाचणी सुरू करतो, आकडे बदलतो, आलेख बघतो. लाईट गेली, लाईन तुटली, तर मोटर आपोआप शून्यावर येते. पंखाही शून्यावर येतो. तेव्हा हा उघडाबंब, पण समाधानी.

‘गृहीत धरू’ हा त्याचा तकिया कलाम. ‘गृहीत धरू, भाकर शंभर ग्रॅमची,’ असं ताटावर म्हणाला की वहिनी दुसरी वाढतात. ‘गृहीत काय धरू लालास, खा मुकाट्यानं.’

स्कूटरवर त्याच्या मागं बसण्याआधी वजन सांगावं लागतं. मी दोन किलो चोरतो. वेग दुप्पट केला की हवेचा विरोध चौपट होतो म्हणून हा पस्तिशीच्या वर जात नाही. वसमत रोडला आम्हाला दूधवालेसुद्धा मागं टाकतात. चौक शंभर पावलांवर असतानाच हा मूठ सोडतो. ‘उतरत्या वेगाची वीज बॅटरीत परत येते, काका. ब्रेक म्हणजे उधळपट्टी.’

दुचाकीचं भारतीय ड्रायव्हिंग सायकल, म्हणजे चाचणीत कोणत्या सेकंदाला किती वेग ठेवायचा त्याचं वेळापत्रक, त्याला मारुतीस्तोत्रासारखं पाठ आहे: १०८ सेकंदं, जास्तीत जास्त वेग ताशी ४२ किलोमीटर. पण त्यात म्हैस नाही, हे त्याचं जुनं दुःख. चारचाकीचं तर युरोपच्या सायकलवरून घेतलेलं, फक्त वेगाला ९० चं कुंपण. ‘जगात जर्मनी अन् भारतात परभणी म्हणतो ना आपण? मग परभणीचं सायकल कामून नको?’ आठवडाभर मोबाईल खिशात घालून तो हिंडला. स्टेशन रोड, गांधी पार्क, वरात, स्पीडब्रेकर, सगळं सेकंदासेकंदाला नोंदवलं. सोमवारी सकाळी पुण्यातली ती मोटर परभणीच्या म्हशीसाठी थांबली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, देवाशप्पथ.

गंगाखेडला थोरल्या बहिणीकडं, म्हणजे त्याच्या आत्याकडं, आम्ही त्याच स्कूटरवर गेलो. चाळीसेक किलोमीटर. वारा, माझं (चोरलेलं) वजन, पुरणपोळ्यांनंतरचं वाढीव वजन, सगळं मांडलेलं होतं. जेवण होईस्तोवर चार्जिंग, आणि घरी पोचताना बॅटरीत १२ टक्के शिल्लक, असा हिशेब. पण येताना पोखर्णीच्या अलीकडंच स्कूटर गप झाली. त्यानं आत्याला फोन लावला.

‘अरे, मिक्सर लावायचा होता म्हणून तुझी पिन काढली होती. परत लावायचं ध्यानातच राहिलं नाही बघ.’

टेम्पोत स्कूटर आडवी घालून रात्री घरी आलो. मी झोपायला गेलो तेव्हा त्याचा लॅपटॉप उघडाच होता. वजन, वारा, चढ यांच्या खाली एक नवी ओळ आली होती: ‘आत्या’. पुढचा रकाना अजून रिकामा होता, आणि हा पेन चावत बसला होता.