खटका, फट आणि फिलर गेज

घडीचा चाकू घेताना लोक धार बघतात. धार काय, सहाणेवर कुणीही लावून देतो. बघायची ती पाठ. चाकू उघडा, खटका बसू द्या आणि पाठीवरून नख ओढा. पात्याची पाठ संपून खटक्याची पट्टी सुरू होते तिथं नख अडलं, की माल नापास. मिटवून पुन्हा तेच. मग उजेडासमोर धरा. पट्टी आणि मूठ यांच्यामधून प्रकाश दिसला, नापास. मिटलेलं पातं मधोमध न राहता एका अंगाला घासतंय, नापास. शेवटी मूठ घट्ट धरून टोक वर-खाली, डावी-उजवीकडे हलवून बघा. हललं तर त्याला आम्ही ‘प्ले’ म्हणतो.

आम्ही म्हणजे वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतले क्यूसीवाले, मालाचा दर्जा तपासणारे. १९८५ साली तिथं बजाजचा कारखाना आला, त्याच्यामागून सुटे भाग करणाऱ्यांची रांग लागली आणि त्या रांगेतल्या एका शेडमध्ये माझी नोकरी झाली. माणूस रिटायर होतो, त्याच्यातला इन्स्पेक्टर होत नाही. कुणाच्या घरी गेलो की मी आधी दाराची फट बघतो, मग माणसं.

शहागंजच्या बाजारातल्या एका दुकानात मी चाकूच्या पाठीला फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचा जुडगा, लावला, तेव्हा दुकानदार म्हणाला, “साब, चाक्कू लेना है के बेअरिंग?”

मी त्याला गणित सांगितलं. खटक्याचं नाक पात्याच्या बुडाशी असलेल्या खाचेत बसतं. खाच खिळ्यापासून ८ मिलिमीटरवर, टोक ८० वर. खाचेत ०.०५ मिलिमीटर ढिलाई राहिली की टोकाला दहापट, म्हणजे अर्धा मिलिमीटर प्ले! त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “काटना क्या है?”

“पेरू,” मी म्हणालो.

पेरू दौलताबादचा असला म्हणून काय झालं, त्याला अर्धा मिलिमीटर कळत नाही. पण प्रश्न पेरूचा नव्हताच. अमेरिकेतल्या बक कंपनीचा १९६४ चा ११० नंबरचा खटक्याचा चाकू मी फोटोत पाहिलाय, आणि १९६५ च्या ‘वक्त’मधला चाकू हातात घेतलेला राजकुमार पडद्यावर. या दोघांच्या मधोमध कुठंतरी आपण शोभू, असं मला आरशासमोर नेहमी वाटत आलंय.

आता चेंबरच्या झाकणाबद्दल बोलतो. चाकूच्या पाठीशी त्याचा संबंध आहे, कारण तिथंही पाठ सपाट हवी असते. आमच्या कॉलनीच्या रस्त्यावरचं झाकण रस्त्याच्या वर चार बोटं होतं. रस्ता नवीन झाला, तेव्हा झाकण चार बोटं खाली गेलं. मग झाकण उचललं, ते एका बाजूनं वर आणि एका बाजूनं खाली. आता त्याच्यावरून रिक्षा गेली की असा खटका वाजतो, की कुठल्याही चाकूनं लाजावं. त्याला प्लेही आहे, तोही चारी दिशांना. ज्या शहरातून मायक्रॉनमध्ये मोजलेले भाग परदेशी जातात, त्या शहरात हे झाकण बसतं आणि मी रोज सकाळी त्याला वळसा घालून दूध आणतो. फिलर गेज खिशात असतो. काढत नाही.

हे मला डाचतं. दोनशे रुपयांच्या चाकूपुढं माझी जीभ किती चालते! खटक्याची पट्टी आणि पातं एकमेकांना जुळेपर्यंत कुणाला तरी जोडीनं घासावं लागतं. घासून बसवायचं, उघडून बघायचं, परत घासायचं. बारीक काम म्हणजे कुणाच्या तरी हाताचा वेळ. आमच्या गिऱ्हाइकांना मायक्रॉन हवे असायचे, तर ते मायक्रॉनचे पैसेही मोजायचे. मला मात्र अमेरिकन पाठ हवी, भाव शहागंजचा हवा आणि कानस चालवणाऱ्याला वर नापासाचा शेरा. जिथं बोलायला हवं तिथं वळसा, आणि जिथं समोरचा उलट बोलू शकत नाही तिथं इन्स्पेक्शन.

चाकू घेतलाच शेवटी, डेव्हिएशनवर, म्हणजे दोषासकट, पास करून. घरी त्याचा प्ले सौभाग्यवतींना दाखवत होतो. त्या माहेरच्या विळीवर बसल्या होत्या. घडीचीच विळी, पण ना स्प्रिंग, ना खटका, आणि पातं खिळ्यात इतकं डुलतं, की मी तिकडं बघायचं टाळतो. माझं व्याख्यान संपेपर्यंत पेरूच्या फोडी झाल्या, मीठ-तिखट लागलं आणि ताटली माझ्यापुढं आली.

“अहो, बाबांनी तुम्हाला बघितलं तेव्हा असं हलवून बघितलं असतं, तर?”

तीस मिलिमीटर जाडीची फोड तोंडात असल्यामुळं मी उत्तर दिलं नाही. पण त्या विळीला प्ले आहे, हे मी लेखी द्यायला तयार आहे.