खराब रस्त्याचे दर्दी

सोमवार ते शुक्रवार रस्त्यांविषयी इतका जागरूक नागरिक आमच्या सोसायटीत दुसरा नाही. गेटसमोर खड्डा पडला की त्यात फूटपट्टी उभी धरून फोटो काढायचा आणि नगरसेवकाला पाठवायचा, हे काम यांचं. ड्रेनेजचं झाकण रस्त्याच्या दोन बोटं वर आलं तरी यांची झोप उडते. आणि हेच गृहस्थ शनिवारी रात्री जेवणं उरकली की हॉलमध्ये नकाशा पसरून बसतात आणि पुणे जिल्ह्यात अजून खराब राहिलेला रस्ता कुठे सापडेल याचा शोध सुरू करतात. घरासमोर आयता मिळालेला खड्डा ही गैरसोय. टाकीभर डिझेल जाळून गाठलेला खड्डा हा छंद. म्हणून आम्ही त्यांना दर्दी म्हणतो. त्यांनाही ते आवडतं.

दर्दींकडे फोर-बाय-फोर गाडी आहे. हे वाक्य खरं तर मी लिहायची गरज नव्हती, ते स्वतःच सांगतात. लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यापर्यंत सांगून होतं.

पूर्वी हा पंथ लहान होता. त्यात शिरायचं तर मिलिटरीच्या लिलावातली डिस्पोजलची जीप घ्यावी लागे, आणि तिच्याबरोबर एक गॅरेजवालाही आयुष्यभरासाठी पदरी पडे. १९८५मध्ये जिप्सी आली, २०१०मध्ये थार आली, तरी अंगावर ग्रीसचा डाग असल्याशिवाय पंथात मान नव्हता. मग २०२०च्या गांधीजयंतीला नवी थार आली, एसी आणि टचस्क्रीनसकट, आणि साधनेची जागा हप्त्यांनी घेतली. दर्दी या तुकडीतले. जुन्या जीपवाल्यांसमोर ते जरा दबून असतात. २०२३मध्ये आलेल्या जिमनीवाल्यांशी मात्र वडीलधाऱ्यासारखं बोलतात.

गाडी आल्यापासून त्यांची भाषा अंशांत आणि मिलिमीटरांत गेली आहे. जिन्याकडे बघून ते ‘ॲप्रोच अँगल’ काढतात. गाडीचा ‘ग्राउंड क्लिअरन्स’ २२६ मिलिमीटर आहे आणि ती ६५० मिलिमीटर पाण्यातून जाऊ शकते, हे आकडे त्यांना मुलाच्या दहावीच्या टक्क्यांपेक्षा लवकर आठवतात. गोव्यात २०१४पासून भर पावसाळ्यात ‘रेनफॉरेस्ट चॅलेंज’ नावाची स्पर्धा होते. तिथे गाड्या उभ्या भिंतीवर चढतात आणि छपरापर्यंत चिखलात बुडतात. दर्दी तिचे व्हिडिओ रात्री हेडफोन लावून बघतात आणि मध्येच ‘अरे, डावीकडे घे!’ असं ओरडतात. वहिनी शेजारी दचकून उठतात.

पण गाडी घेणं सोपं. एका दिवसात जाऊन यायची वाट निवडणं, तिथे खरी कसोटी आहे.

वहिनींच्या अटी तशा माफक असतात: सीन चांगला हवा, वाटेत एक तरी धड बाथरूम हवं आणि रात्री आठच्या आत घरी. मुलाला फक्त रेंज हवी. दर्दींच्या अटी मात्र ऐकाव्यात. डांबर नको. सिमेंट तर नकोच नको. खडी चालेल, पण जुनी, निम्मी वाहून गेलेली. चढ हवा, पण वरती गाडी वळवायला जागा हवी. ओढा हवा, पण गुडघ्याएवढाच. चिखल हवा, पण काळा नको. या शेवटच्या अटीत तथ्य आहे. भीमा-नीरेच्या काठची काळी माती पावसात टायरच्या खाचांत अशी काही बसते की महागडा ‘मड टेरेन’ टायर आणि झिजून गुळगुळीत झालेला टायर यांत काही फरक राहत नाही. म्हणून दर्दींचा मोर्चा पश्चिमेला: तांबडी माती, मुरूम, मध्येच कातळ.

मग एकेका वाटेची उलटतपासणी होते. राजमाची? लोणावळ्यापासून उधेवाडीपर्यंतची पंधराएक किलोमीटरची वाट, वर श्रीवर्धन आणि मनरंजन, समोर ढाकचा डोंगर, पावसाळ्यात कातळधार धबधबा. कुणालाही आवडावी अशी. दर्दी ओठ मुडपतात. “तिथे आता सगळेच जातात.” हे सगळे म्हणजे दर्दींसारखेच दर्दी, हे वेगळं सांगायला नको. तापोळा? बामणोली? “तिथे गाडी बार्जवर चढवून शिवसागर ओलांडायचा. त्यात माझ्या गाडीचं काय कौतुक? बार्जवर अल्टोसुद्धा चढते.” मढे घाटाचं नाव निघालं तेव्हा मला वाटलं, आता जमलं. सिंहगडावर पडलेल्या तानाजी मालुसऱ्यांचा देह याच घाटाने उमरठ्याला नेला, अशी परंपरा सांगतात. दर्दी क्षणभर गंभीर झाले. मग म्हणाले, “केळदपर्यंत डांबर झालंय हो.”

डांबराचा विषय या पंथात दबक्या आवाजातच निघतो. दोन दर्दी भेटले की त्यांचं संभाषण बाहेरच्या माणसाला सुतकातलं वाटावं.

“ती तैलबैल्याकडची वाट गेली म्हणे.”

“काय सांगता! कधी?”

“मार्चअखेरीला. आधी खडी टाकली, तेव्हाच शंका आली होती.”

“काही करता आलं नाही?”

“निधी आला होता ना.”

या मंडळींच्या लेखी खरा खलनायक म्हणजे २०००च्या डिसेंबरात सुरू झालेली प्रधानमंत्री ग्रामसडक योजना. गावाच्या तोंडाशी तिची पाटी दिसली की दर्दी गाडी थांबवून ती पूर्ण वाचतात: लांबी, खर्च, ठेकेदाराचं नाव, आणि पुढची पाच वर्षं देखभाल ठेकेदाराकडे. मग बोटांवर हिशेब करतात. “म्हणजे साधारण सहाव्या वर्षी हा रस्ता पुन्हा आपल्या कामाचा होईल.”

त्याच योजनेच्या नियमात त्यांना एक फट सापडली आहे. सपाटीच्या भागात पाचशे लोकवस्तीच्या वरच्या गावांना जोडरस्ता द्यायचा, डोंगरी राज्यांत आणि आदिवासी भागात अडीचशेच्या वरच्या, असा तो मूळ निकष. तेव्हा दर्दी जनगणनेचे तक्ते काढून बसले आणि मावळ, मुळशी, वेल्ह्यातल्या लहान लहान वाड्या हेरू लागले. सरकारी आकडेवारीचा इतका मन लावून अभ्यास करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. एखाद्या वाडीत तीनशे माणसं निघाली की त्यांचा चेहरा उजळतो.

मध्ये त्यांच्या ग्रुपातल्या कुणीतरी सुचवलं होतं की इतकी शोधाशोध कशाला, बारामती-इंदापूरकडे माळरानं मोकळी पडली आहेत, तिथेच गाड्या घालू. या मोकळ्या पडलेल्या माळावर चिंकारा चरतो, लांडगा पिल्लं वाढवतो, धाविक पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतो. शहरातल्या माणसाला झाड दिसलं नाही की जागा ओसाड वाटते, हा आपला जुना आजार आहे. दर्दींच्या बाजूने एवढं सांगायला हवं की त्यांनी साफ नकार दिला. चाकोरी सोडून गाडी घालायची नाही, भातखाचराचा बांध तर मुळीच ओलांडायचा नाही, हा नियम ते सोवळ्यासारखा पाळतात. त्यांना वाईट रस्ता हवा असतो, पण रस्ताच हवा असतो.

नकाशावर वाट ठरली की स्थानिक चौकशी. हा फोन मी शेजारी बसून ऐकला आहे. पलीकडे नाक्यावरचा चहावाला.

“दादा, वरच्या वाडीचा रस्ता कसा आहे?”

“एकदम चांगला साहेब, बिनधास्त या.”

“चांगला म्हणजे?” दर्दींचा आवाज पडला.

“म्हणजे येतात गाड्या.”

“खड्डे-बिड्डे?”

“छे छे, तसं काही नाही.” गावाची लाज झाकायची, ही त्या बिचाऱ्याची रीत.

“बघा हं, खरं सांगा. पुढचा ओढा?”

“आता तुम्ही विचारताच आहात तर, ओढ्यावरची मोरी वाहून गेली जुलैमध्ये.”

“वा!” दर्दी म्हणाले.

वाडीचं नाव मी लिहीत नाही. दर्दींनी शपथ घातली आहे. नाव फुटलं की पुढच्या रविवारी चाळीस गाड्या येतात आणि त्याच्या पुढच्या वर्षी मिसळीचं हॉटेल.

ऑक्टोबरातला रविवार होता. मला मागच्या सीटवर बसवलं होतं. तीन दारांच्या या गाडीत मागे जायचं म्हणजे पुढची सीट वाकवून, स्वतः तिच्याहून जास्त वाकून आत शिरायचं; उतरताना हाच विधी उलट्या क्रमाने. डांबर संपलं तिथे गाडी थांबली. दर्दी उतरले, गुडघ्यांवर बसले आणि चारही टायरांची हवा सोडू लागले. ३२वरून २०वर. दगडावर टायर जरा चपटा बसला की पकड वाढते, हे खरंच आहे. पण प्रेशरगेज लावून, पुसून, पुन्हा लावून, चार चाकांना वीस मिनिटं गेली. शेळ्या राखणारा एक पोरगा जवळ येऊन उभा राहिला. त्याने एक टायर पाहिला, दुसरा पाहिला. “चारीपण पंक्चर, काका?”

“लोमध्ये टाकतोय,” दर्दींनी जाहीर केलं. गाडी उभी, गिअर न्यूट्रल, छोटा दांडा मागे. खालून कट्ट असा आवाज आला. तो आवाज ऐकताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसतं ते बोनसच्या दिवशीही दिसत नसावं. आता गाडी माणसाच्या चालीने, पण पाहिजे तेवढ्या जोराने जाणार होती. दोन वळणांनंतर कातळाचा चढ लागला. दर्दी पुन्हा उतरले. चढ खालून पाहिला, वरून पाहिला. कुठलं चाक कुठल्या दगडावर, ते ठरवायला लागले. एक दगड सरकवला. तो पुन्हा जागेवर ठेवला.

तेवढ्यात मागून हॉर्न. वडाप. जुनी मार्शल, तिला मागच्या दोन चाकांचीच ताकद, आत किती माणसं हे मोजायची सोय नाही, टपावर फुलांनी सजवलेला पाळणा. ड्रायव्हरने मान बाहेर काढली. “साहेब, जरा कडेला घेता का? बारशाला उशीर होतोय.” दर्दींनी गाडी कडेला घेतली. मार्शल एका हाताने वळली, डावीकडून तिरकी चढली, पाळणा दोनदा झुलला आणि वडाप वर दिसेनाशी झाली. आम्ही सगळे गप्प. “त्याच्या गाडीत वजनाची विभागणी चांगली झाली आहे,” दर्दी म्हणाले आणि बिनबोभाट त्याच्याच चाकोरीने वर चढले.

वर कडा उघडला. खाली कोकण, निळसर धुक्यात डोंगरांच्या एकामागे एक रांगा, उतारावर सोनकी. वहिनी अहाहा म्हणाल्या. दर्दी तेव्हा खिडकीतून डोकं बाहेर काढून पुढचं उजवं चाक बघत होते. सीन ते सोमवारी बघतात, डॅशकॅममध्ये.

ओढ्याशी त्यांनी डिकीतून काठी काढली. तिच्यावर ६५० मिलिमीटरला लाल चिकटपट्टी. पँट दुमडून पाण्यात उतरले, तीन ठिकाणी काठी रोवली. पट्टी पाण्याच्या चांगली वर राहिली. जरा नाराजच झाले, पण गाडी घातली. बॉनेटपुढे पाण्याची लाट उठली, खाली काहीतरी खरडलं आणि आम्ही पलीकडे. वहिनींकडून तिन्ही बाजूंनी फोटो काढून घेतले.

वाडीत एका ओसरीवर चहा झाला. घरचे आजोबा बोलके होते. दर्दी रंगात येऊन मोबाइल दाखवू लागले: हा चढ, हा ओढा, ही वाहून गेलेली मोरी. आजोबांनी चष्मा लावला आणि एकेक फोटो लक्ष देऊन पाहिला. मग आतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली फाइल आणली.

“साहेब, आमचा अर्ज चाललाय तीन वर्सं. डांबरी रस्ता पायजे म्हणून. कागद झाले सगळे, रस्त्याच्या दुर्दशेचे फोटो तेवढे मागितलेत. तुमचे लई झ्याक हायत. द्याल का?”

दर्दींचा घोट अडला. पण माणूस मुळात भला. नगरसेवकाला खड्डे पाठवणारा हात तो. आजोबांच्या नातवाचा नंबर घेऊन लगेच पाठवायलाही लागले.

“फक्त यातली गाडी काढा,” आजोबा म्हणाले. “नुसता रस्ता दिसू द्या. गाडी दिसली की वरचे साहेब म्हणतील, जातीय की गाडी, मग रस्ता कशाला?”

दर्दी बराच वेळ अंगठ्याने फोटो सरकवत राहिले. गाडी नसलेला एकही फोटो निघेना. शेवटी ते उठले, चपला घातल्या आणि नुसता रस्ता काढून आणायला उतारावरून पायीच निघाले.

“अहो,” वहिनींनी मागून हाक मारली, “ओढ्यापर्यंत जाताच आहात तर पुढची नंबरप्लेट पण बघून या. मघाशी पाण्यात राहिली वाटतं.”