लेबलची रेघ जिथं टेकते

लेबलची रेघ ज्या भागाचं नाव सांगते, त्याच भागावर ती टेकली पाहिजे. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाच्या मुलांकडून माझी ही सगळ्यांत साधी अपेक्षा आहे. न्यूरोअ‍ॅनाटॉमीची जर्नल्स तपासायला घेतली की सगळ्यांत आधी तीच मोडलेली दिसते.

दंडाच्या आकृतीत बायसेप्सची रेघ जरा सरकली तरी ती बायसेप्सवरच राहते, कारण तो स्नायू ऐसपैस आहे. मेंदूच्या बाहेरच्या पृष्ठभागाचं तसं नाही. तिथं सगळा कारभार खाचांचा आणि उंचवट्यांचा. सेंट्रल सल्कस ही खाच. तिच्या पुढचा उंचवटा प्रीसेंट्रल गायरस. शरीराच्या विरुद्ध बाजूच्या हालचाली तिथून चालतात. मागचा पोस्टसेंट्रल गायरस. विरुद्ध बाजूच्या स्पर्शाची जाणीव तिथं पोचते. जर्नलच्या पानावर या तिघांमध्ये जेमतेम काही मिलिमीटरचं अंतर उरतं. रेघ खाचेच्या काठावर सोडून दिली, तर ती खाचेची की उंचवट्याची हे कळायला मार्ग नाही. विचारलं की उत्तर तयार असतं, ‘‘मॅडम, तेच म्हणायचं होतं.’’ जे म्हणायचं होतं ते मला कागदावर दिसायला हवं. पुढचा उंचवटा बिघडला तर हात लुळा पडतो, मागचा बिघडला तर हाताची जाणीव जाते. त्या दोन रुग्णांमधला फरक तेवढ्या मिलिमीटरमध्ये आहे.

काही जण रेघेच्या टोकाला बाण काढतात आणि तो एवढा मोठा करतात की दाखवायचा भागच त्याखाली झाकला जातो. काहींच्या रेघा एकमेकींना ओलांडून जातात आणि नावं खालीवर होतात. काही जण आकृतीखाली ‘ब्रेनस्टेम’ एवढंच लिहितात. पुढून बघितलेलं की मागून, त्याचा पत्ता नाही. मिडसॅजिटल छेदात चेहऱ्याची बाजू कुठली हेही सांगितलेलं नसतं. डाव्या-उजव्याची आणि पुढच्या-मागच्याची नोंद न करण्याची सवय पहिल्याच वर्षात लागते, आणि ती पुढं शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत जाऊ शकते. म्हणून बाजू सांगणाऱ्या त्या एका शब्दासाठी मी जर्नल परत पाठवते. मुलांना तो माझा हट्ट वाटतो.

माझा सर्वांत जास्त वेळ जातो स्पायनल कॉर्डच्या आडव्या छेदांवर. सर्व्हायकल, थोरॅसिक, लंबर आणि सॅक्रल अशा चार पातळ्यांचे छेद काढायचे असतात. जर्नलमध्ये चारही एकाच साच्यातून निघालेले. तेच फुलपाखरू, तोच घेर, खालचं नाव तेवढं वेगळं. चारही छेदांत लॅटरल हॉर्न हजर. लॅटरल हॉर्न पहिल्या थोरॅसिक सेगमेंटपासून साधारण दुसऱ्या लंबर सेगमेंटपर्यंतच असतो, कारण सिंपथेटिक संस्थेच्या पेशी तिथंच बसतात. मानेच्या मधल्या छेदात तो काढला, तर त्या पेशी जिथं नाहीत तिथं नेऊन बसवल्या. तीच गत फॅसिक्युलस क्युनिएटसची. तो शरीराच्या वरच्या अर्ध्या भागाची आणि हातांची संवेदना वर नेतो, त्यामुळे साधारण सहाव्या थोरॅसिक सेगमेंटच्या वरच दिसतो. खाली फक्त ग्रॅसिलिस. तरी लंबर छेदात दोन्ही निगुतीनं रंगवलेले, मध्ये सुरेख विभाजक रेघसुद्धा.

मला खटकतं ते असं, की यातलं काहीही पाठ करावं लागत नाही. मेंदूकडे वर जाणाऱ्या तंतूंमध्ये प्रत्येक पातळीवर भर पडत जाते. मेंदूतून खाली येणारे तंतू वाटेत आपापल्या सेगमेंटला थांबत येतात. म्हणून मानेच्या छेदात व्हाइट मॅटर सर्वांत जास्त आणि सॅक्रल छेदात सर्वांत कमी. हातापायांच्या नर्व्ह जिथून निघतात तिथं काम जास्त, म्हणून त्या पातळ्यांवर ग्रे मॅटरचे हॉर्न रुंद. छातीच्या भागात ते सडपातळ. एवढी दोन-तीन वाक्यं समजली की चारही छेद डोळे मिटून काढता येतात. स्लाइड मायक्रोस्कोपखाली लावलेली असते, फोकस करून दिलेली असते. तिथं बघून काढलेला एकही छेद दुसऱ्यासारखा येऊ शकत नाही. एकाच साच्यातले चार छेद दिसले की मायक्रोस्कोपशी कुणी बसलंच नव्हतं, एवढं मला कळतं.

मग ही आकृती येते कुठून? सीनियरच्या जर्नलमधून. त्या सीनियरनं आपल्या सीनियरच्या जर्नलमधून घेतलेली असते. आता पूर्ण झालेलं जर्नल फोटो काढून पीडीएफ करून फिरतं, त्यामुळे चूक एका बॅचपुरती राहत नाही. कुणाच्या तरी मूळ पानावर कडेला जागा संपली असावी आणि ‘इन्फिरिअर सेरिबेलर’ एवढंच मावून ‘पेडंकल’ हा शब्द राहून गेला असावा. तेव्हापासून आमच्याकडे बॅचमागून बॅच ‘इन्फिरिअर सेरिबेलर’ एवढंच लिहिते. काय इन्फिरिअर, हे कुणालाच विचारावंसं वाटत नाही. पानाच्या उरलेल्या भागात आता भरपूर जागा असते.

ट्रॉक्लिअर नर्व्हचंही तसंच. बारा क्रेनियल नर्व्हपैकी ही एकटीच ब्रेनस्टेमच्या मागच्या बाजूनं बाहेर पडते. बाहेर पडण्याआधी दोन्ही बाजूंच्या तंतूंची अदलाबदल होते, मग ती मिडब्रेनला वळसा घालून पुढं येते. बारांमध्ये सर्वांत बारीक हीच, आणि कवटीच्या आतला सर्वांत लांब प्रवासही हिचाच. आकृतीत तो वळसा दाखवणं एवढीच तिची मागणी. पण कॉपी होत आलेल्या आकृतीत ती ऑक्युलोमोटरच्या शेजारी समोरूनच उगवते. आकृतीच्या खाली मात्र शुद्ध अक्षरात लिहिलेलं असतं की ही नर्व्ह मागून निघते. लिहिणाऱ्यानं स्वतःचंच वाक्य आणि स्वतःचीच आकृती एकदाही शेजारी ठेवून पाहिली नाही, याचं मला वाईट वाटतं.

हिस्टॉलॉजीच्या पानांवर तर अन्याय अधिक. हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन या दोन रंगांसाठी जांभळी आणि गुलाबी अशा दोन पेन्सिली पुरतात. डॉर्सल रूट गँग्लिऑन आणि सिंपथेटिक गँग्लिऑन या दोन स्लाइड वेगळ्या ओळखायच्या असतात, आणि स्पॉटिंगमध्ये नेमका तिथंच घोळ होतो. डॉर्सल रूटमध्ये पेशी मोठ्या, गोलसर, पुंजक्यांत बसलेल्या, मध्ये तंतूंचे जुडगे, न्यूक्लिअस पेशीच्या मध्यभागी आणि भोवती सॅटेलाइट पेशींचं भरीव कडं. सिंपथेटिकमध्ये पेशी लहान, विखुरलेल्या, न्यूक्लिअस बऱ्याचदा कडेला, सॅटेलाइट पेशी विरळ. मुलं हा तक्ता बिनचूक लिहितात. वरच्या दोन आकृत्या मात्र एकसारख्या असतात, न्यूक्लिअस दोन्हीकडे मध्यभागी. सेरिबेलममध्ये पर्किन्जी पेशींचा एकच थर असतो, मॉलिक्युलर आणि ग्रॅन्युलर थरांच्या बरोबर सीमेवर. पान भरलेलं दिसावं म्हणून त्याचे दोन-तीन थर केले जातात. त्याला ‘नीट’ म्हणायची प्रथा आहे, आणि नीटपणाला मार्क मिळतात. ही प्रथा चुकीची आहे.

मज्जासंस्थेच्या बाबतीत तर आकृतीवर फार मोठा निर्णय ठरलेला आहे. कामिल्लो गॉल्जी यांनी १८७३ मध्ये चांदीच्या क्षारांनी मोजक्याच चेतापेशी पूर्ण काळ्या रंगवायची रीत सांगितली. त्याच रीतीनं रंगवलेल्या स्लाइड सांतियागो रामोन इ काहाल यांनी मायक्रोस्कोपखाली पाहिल्या आणि वर्षानुवर्षं हातानं काढल्या. गॉल्जी मज्जासंस्था म्हणजे एक सलग जाळंच मानत राहिले. काहाल यांनी सुट्या पेशी पाहिल्या आणि सुट्याच काढल्या. १९०६ चं नोबेल पारितोषिक दोघांना विभागून मिळालं, पण पुस्तकात आज शिकवलं जातं ते काहाल यांचं म्हणणं, आणि त्यांच्या आकृत्या अजून छापल्या जातात. त्याही आधी, १६६४ मध्ये, थॉमस विलिस यांच्या मेंदूवरच्या ग्रंथासाठी आकृत्या काढणाऱ्यांत ख्रिस्टोफर रेन होते, ज्यांनी पुढं लंडनचं सेंट पॉल्स कॅथीड्रल उभारलं. मेंदूच्या तळाशी असलेलं धमन्यांचं ते कडं विलिस यांच्या नावानं आमची मुलं दरवर्षी काढतात, आणि पोस्टिरिअर कम्युनिकेटिंग आर्टरी विसरतात. ती नसेल तर कडं पूर्णच होत नाही.

खरं म्हणजे टेबलावरच्या मेंदूत हे कडं पुस्तकासारखं क्वचितच सापडतं. एका बाजूची कम्युनिकेटिंग आर्टरी दोऱ्याएवढी बारीक, दुसरी जाड, असं पुष्कळदा दिसतं. मागे एका मुलीनं तसंच काढलं होतं. डावी बाजू बारीक, उजवी जाड, टेंपोरल पोलचा एक तुकडा गायब, आणि तिथं रेघ ओढून लिहिलेलं, ‘इथं स्पेसिमेन फाटलेलं आहे.’ रेघा थोड्या वाकड्या होत्या, खोडल्याच्या खुणा होत्या. त्या ढिगात ती एकच आकृती आमच्या टेबलावरच्या मेंदूची होती. मी पूर्ण मार्क दिले. शेजारचा मुलगा म्हणाला, ‘‘मॅडम, हिची डायग्राम तर चौरसियासारखी नाहीये.’’ चौरसियांचं पाठ्यपुस्तक चांगलंच आहे, मीही त्यावरच शिकले. पण पुस्तकातली आकृती अनेक मेंदूंवरून ठरवलेली असते, आणि रुग्ण एका वेळी एकच समोर येतो.

तो मेंदू टेबलावर कसा येतो, हेही मुलांना माहीत असतं. देहदान करणाऱ्या माणसाचा तो असतो. महाराष्ट्रात १९४९ च्या अ‍ॅनाटॉमी कायद्याखाली मृतदेह शिक्षणासाठी घेतले जातात. काही जण आयुष्यभर खिशात देहदानाचं कार्ड बाळगतात, आणि त्यांची मुलं-सुना दुःखाच्या दिवशी सगळं बाजूला ठेवून आमच्याकडे फोन करतात. वर्षाच्या सुरुवातीला पांढरे कोट घातलेली मुलं त्या देहासमोर उभं राहून शपथ घेतात. २०१९ पासूनच्या नव्या अभ्यासक्रमात ‘मृतदेह हा आपला पहिला शिक्षक’ असा एक स्वतंत्र पाठ आहे. आणि मेंदू फॉर्मॅलिनमधून काढून टेबलावर ठेवला की दीडशेच्या बॅचमधली बरीच मुलं पाच-दहा मिनिटं थांबतात, डोळ्यांत फॉर्मॅलिन झोंबतं म्हणतात, आणि पीडीएफवरून आकृती काढायला लायब्ररीत जातात. डोळ्यांत झोंबतं हे खरं आहे. मेंदू पाण्यात पुरेसा धुऊन ठेवायला हवा आणि खिडक्या उघडून ठेवायला हव्यात, ती जबाबदारी विभागाची. पण देणाऱ्यानं जे दिलं ते न बघता निघून जायला ते कारण पुरेसं नाही.

सबमिशनचा आठवडा आला की दारात रांग लागते. ब्राउन पेपरचं कव्हर, सर्टिफिकेटचं पान, इंडेक्स, सगळं जागच्या जागी. तारखा वेगवेगळ्या, पण शाई एकच आणि अक्षराचा थकवाही एकच. ‘‘मॅडम, फक्त सही हवी होती.’’ सही मिळाली नाही तर हॉल तिकीट अडेल या भीतीनं ती मुलं आलेली असतात, हे मला समजतं. नीट या प्रवेशपरीक्षेच्या तयारीत दोन वर्षं पर्याय निवडण्यात गेलेली असतात. पेन्सिल हातात धरून समोरची वस्तू काढायला त्यांना आजवर कुणी सांगितलेलंच नसतं. थोड्या महिन्यांत आम्ही त्यांच्याकडून इतक्या आकृत्या मागतो की बघून काढायला वेळ उरत नाही. तरी सहीचा अर्थ असा आहे की हे काम या विद्यार्थ्यानं केलं आणि मी ते पाहिलं. तसं झालं नसेल तर सही करू नये, असं माझं ठाम मत आहे.

यातून काय बिघडतं, तेही सांगते. मोठ्या माणसात स्पायनल कॉर्ड पहिल्या लंबर मणक्याच्या खालच्या कडेपाशी संपते, नवजात बाळात तिसऱ्या मणक्याजवळ. म्हणून पाठीतून पाणी काढताना सुई तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या लंबर मणक्यांच्या मध्ये घालतात. तिथं कॉर्ड नसते, फक्त सुटे नर्व्ह रूट्स असतात. यंदाच्या जर्नल्समध्ये कितीतरी आकृत्यांत कॉर्ड पार शेपटापर्यंत नेलेली आहे. ही मुलं चार-पाच वर्षांत इंटर्न होतील. वॉर्डात रात्री पाठ वाकवून झोपवलेल्या रुग्णाच्या मागे, सुई हातात घेऊन ती उभी असतील.

पहिल्या वर्षाच्या मुलांना माझं सांगणं आहे: जर्नल आणि साधी एचबी पेन्सिल घेऊन टेबलापाशी या, समोरच्या मेंदूवर सेंट्रल सल्कस आधी बोटानं शोधा आणि मग काढा. मधल्या काठाच्या मध्याच्या थोडं मागून ती सुरू होते, खाली आणि पुढं तिरकी उतरते, आणि लॅटरल सल्कसच्या जरा अलीकडेच थांबते. वाकडी आली तरी चालेल. आणि शिकवणाऱ्या सहकाऱ्यांना विनंती आहे: आकृत्या निम्म्या करा, उरलेल्या डिसेक्शन हॉलमध्येच काढून घ्या, आणि सही त्याच दिवशी, तिथंच उभं राहून करा.