मंजुळा जोशी यांचा कोथरूड दौरा

मांजराचा पिंजरा काही दिवस आधीपासून दिवाणखान्यात उघडा ठेवावा, आत जुनी चादर घालावी, म्हणजे मांजराला तो आपला वाटतो, असं जाणकार सांगतात. वाटलाही. मंजुळा त्यात दुपारच्या झोपा काढायला लागली. फक्त ज्या दिवशी डॉक्टरकडे जायचं त्या सकाळी मी इस्त्रीचा शर्ट चढवला मात्र, बाईसाहेब गोदरेजच्या कपाटावर. मी एरवी इस्त्रीचा शर्ट घालत नाही, हे तिने टिपून ठेवलेलं असणार.

मांजर पिंजऱ्यात डोक्याकडून घालू नये. पिंजरा उभा धरावा, दार वर, आणि मांजर शेपटीकडून आत सोडावं. शास्त्र म्हणून हे निर्दोष आहे. पण मांजराला पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्यांना चार-चार, एकूण अठरा नखं असतात, आणि आपल्याकडे हात दोनच. ही बाजूला उभी राहून "अहो, टॉवेलात गुंडाळा, टॉवेलात!" असं ओरडत होती. टॉवेल तिच्याच खांद्यावर होता.

नारायण पेठेतून कोथरूडला जायला रिक्षावाला मीटरप्रमाणे तयार झाला, तिथेच आमचं त्या दिवसाचं पुण्य संपलं. अलका चौकात मंजुळेने पहिला सूर लावला. रिक्षावाल्याने गाडी बाजूला घेतली आणि खाली वाकून इंजिन बघायला लागला.

"इंजिन नाही हो, मांजर आहे."

"काय झालंय तिला, काका?"

"काही नाही. रेबीजची लस, दरवर्षीची."

"काही झालं नाही तर नेताय कशाला?"

पिंजऱ्यातून या मुद्द्याला जोरदार अनुमोदन मिळालं.

पुढे लकडी पूल. त्यात आता लाकूड औषधालाही नाही. पानिपतावरून परतणाऱ्या सैन्याला लोकांच्या नजरा चुकवून गावात शिरता यावं, म्हणून नानासाहेब पेशव्यांनी 1761 मध्ये तो बांधून घेतला, असं सांगतात. आम्ही लढाईला निघतानाच नजरा चुकवत होतो. कर्वे रस्त्यावर तर हॉर्नचा नुसता कल्लोळ. माणसाला फार तर वीस हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, मांजराला साठ हजारांच्याही वर. म्हणजे आपल्याला नकोसा होणारा कर्वे रस्ता तिला किती ऐकू येत असेल, हा विचार मनात आला आणि तिच्या गाण्याबद्दल मी पुन्हा तक्रार केली नाही. नळस्टॉपच्या सिग्नलला शेजारच्या स्कूटरवरच्या काकूंनी हेल्मेटची काच वर करून फर्मावलं, "झाका हो तिला! दिसलं नाही की गप्प बसते." ओळखदेख नाही, पण सल्ला नेमका. हिच्या ओढणीने पिंजरा झाकला आणि मंजुळेने मौन धरलं.

जनावरांच्या दवाखान्यात पेशंटला मालकाचं आडनाव लावतात. "ब्रूनो कुलकर्णी!" अशी हाक आली, तेव्हा चाळीसएक किलोचा लॅब्रेडॉर बाकाखाली शिरायचा प्रयत्न करत होता आणि कुलकर्णी त्याला मागचे पाय धरून ओढत होते. ते दृश्य पाहून मंजुळेला जरा धीर आला असावा. मग काउंटरवरून आमची चौकशी झाली.

"मंजुळा जोशी! वय?"

"सहा."

"ऑपरेशन झालंय?"

"हो, मागेच."

कोपऱ्यातले आजोबा पेपर खाली करून माझ्याकडे बघत राहिले. त्यांना पिंजरा दिसत नव्हता.

आत स्टीलच्या टेबलावर मंजुळा चपटी झाली. तिने पाय हलवला की मागे ओला ठसा उमटायचा. मांजराला घाम येतो तो तळव्यांना. थर्मामीटर कुठे घालतात ते इथे लिहीत नाही. 102 निघाला.

"बाई गं, ताप!" ही म्हणाली.

"मांजराला एवढा असतोच, काकू. साडेएकशे दोनपर्यंत नॉर्मल." डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावला, आणि मंजुळा घुरघुरायला लागली. मला भरून आलं. डॉक्टर म्हणाले, "खूश वगैरे नाही हं, घाबरल्यावरही करतात," आणि जाऊन बेसिनचा नळ सोडला. पाण्याचा आवाज आल्याबरोबर घुरघुर बंद! तेवढ्यात ठोके मोजून झाले, लसही टोचून झाली. सुई गेलेली तिला कळलीच नाही. आणि सकाळी ज्या पिंजऱ्यात जायला तिने माझ्या शर्टाची बाही उसवली होती, त्याचं दार दिसताच ती आपण होऊन आत गेली आणि आम्हा सगळ्यांकडे पाठ करून बसली.

परतीचा प्रवास मुका. खरा प्रसंग घरी ओढवला. पिंजरा उघडताच ठकी, म्हणजे मंजुळेची सख्खी बहीण, हुंगायला पुढे आली आणि पाठीची कमान करून जी फिसकारली! अंगाला दवाखान्याचा वास, त्यामुळे ही कोणी परकीच, असा तिचा निवाडा. डॉक्टरांनी बजावलंच होतं, वास जाईपर्यंत दोघींना वेगवेगळ्या खोल्यांत ठेवा. आमचं घर दोन खोल्यांचं. एक मंजुळेला दिली, एक ठकीला. आम्ही दोघं जिन्यात बसून चहा घेतला.