बंदरातलं जहाज

हुपरीत प्रत्येक कामाला वजन असतं. हातकणंगले तालुक्यातल्या या गावाला चंदेरी नगरी म्हणतात ते उगाच नाही. कुणी चांदी आटवतो, कुणी तार ओढतो, कुणी झाळतो, आणि सोप्यात बसलेल्या बायका पैंजणाच्या कड्या जोडतात, घुंगरं लावतात. चांदी मोजून घ्यायची, दागिना मोजून द्यायचा, मधली घट ठरलेली. अशा गावात गल्लीआड एक इसम असा सापडतो, ज्याचं काम कुठल्याच काट्यावर चढत नाही. तो निबंध लिहीत असतो. लिहून झाला, असं त्याच्या तोंडून अजून कुणी ऐकलेलं नाही.

वय सव्वीस-सत्तावीस. बी.ए. झालेला. गल्लीत सगळे त्याला 'साहेब' म्हणतात. निम्मे कौतुकानं, निम्मे दुसऱ्या कारणानं. राज्यसेवेला खुल्या प्रवर्गासाठी अडतीस वर्षांपर्यंत बसता येतं, त्यामुळं साहेबांना घाई नाही. घाई आहे ती आयोगाला. एमपीएससीची मुख्य परीक्षा आधी गोल काळे करण्याची होती. ती वर्णनात्मक करायचं ठरलं तेव्हा २०२३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत पुण्यात पोरं रस्त्यावर बसली आणि नवी पद्धत २०२५ पर्यंत पुढं गेली. साहेबांनी आंदोलनाला हुपरीतूनच, मोबाइलवरून पाठिंबा दिला. मिळालेल्या दोन वर्षांत निबंधाचा सराव करायचा, असा तेव्हाचा संकल्प. आता एकूण १,७५० गुणांपैकी एकट्या निबंधाला २५० आहेत आणि संकल्प तसाच, नवाकोरा आहे.

सध्याचा निबंध पुण्याच्या एका क्लासच्या सराव परीक्षेचा. रात्री दहापर्यंत फोटो काढून पाठवायचा. विषय यूपीएससीच्या २०२२ च्या पेपरातून उचललेला: जहाज बंदरात सुरक्षित असतं, पण जहाज काही त्यासाठी बांधलेलं नसतं. हजार ते बाराशे शब्द.

सकाळी सहाला गजर होतो. सातला आई उठवते. आठला साहेब टेबलाशी बसतात आणि पहिला तास समासात जातो. डाव्या बाजूला पट्टी धरून रेघ मारायची, वर विषय लिहायचा, त्याखाली दोन रेघा. मग प्रस्तावना. शाळेत 'विज्ञान : शाप की वरदान' लिहिल्यापासून त्याच्याकडं तीन प्रस्तावना तयार आहेत. पहिली एकविसाव्या शतकापासून सुरू होते, दुसरी मानव हा समाजशील प्राणी असल्यापासून, तिसरीत नाण्याच्या दोन बाजू असतात. तिन्ही लिहून होतात, तिन्ही खोडून होतात. कागद बदलला की समास पुन्हा पहिल्यापासून.

नऊ वाजता आबा डोकावतात. "काय रं, कुठवर आलं?"

"प्रस्तावना चाललीय."

"काल बी तीच चालली हुती न्हवं?"

यावर उत्तर नसतं. मग आबा यमगेच्या बिरदेवाचा विषय काढतात. शेजारच्या कागल तालुक्यातला हा मेंढपाळाचा पोरगा एप्रिल २०२५ मध्ये यूपीएससीत ५५१ वा आला. निकाल लागला तेव्हा तो बेळगावकडं मेंढरं राखत होता. तेव्हापासून कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही परीक्षार्थीला पंख्याखाली बसायची सोय राहिलेली नाही. "त्यानं मेंढरं राखत केलं. तुला काय राखायचं हाय तेवढं सांग, आणून देतो," एवढं बोलून आबा भट्टीकडं जातात.

घरात वातावरण नाही, असं ठरवून साहेब अभ्यासिकेत जातात. अभ्यासिकेत वातावरण इतकं असतं की झोप येते. म्हणून चहाची टपरी. खरा निबंध इथं होतो, फक्त तोंडी. जहाज म्हणजे माणूस की देश, बंदर म्हणजे नोकरी की नातीगोती, यावर दोन कटिंग संपतात. एकजण विष्णुशास्त्री चिपळूणकरांना मध्ये आणतो. 'निबंधमाला' १८७४ ला सुरू, एकूण अंक ८४, हे सगळ्यांना पाठ. पूर्वपरीक्षेच्या तयारीतलं आहे ते. चिपळूणकर जेमतेम एकतीस वर्षं जगले आणि त्यात ही सगळी माला लिहिली, हे मात्र कुणी काढत नाही. वयाचा विषय टपरीवर वर्ज्य आहे. त्याहून अवघड गोष्ट अशी की, या मराठी निबंधाच्या जनकानं १८७९ मध्ये सरकारी नोकरीचा राजीनामा दिला होता. सरकारी नोकरी मिळावी म्हणून निबंध लिहिणाऱ्यांनी तिकडं काणाडोळा केला तर त्यांना दोष कसा द्यायचा?

दुपारी जेवायला घरी येतो तो आबांनी शिडी लावलेली. त्याच २०२२ च्या पेपरात आणखी एक विषय होता: छप्पर दुरुस्त करायची वेळ ऊन असतानाच असते. तो त्यानं मागच्या आठवड्यात घरी मोठ्यानं वाचून दाखवला, ही त्याची चूक. आबांना एवढा एकच विषय पहिल्या झटक्यात पटला. तेव्हा साहेब डांबराचा डबा घेऊन पत्र्यावर. पत्र्याची भोकं तासाभरात बुजली. तासाभरात पुरं झालेलं हे त्याचं त्या महिन्यातलं पहिलंच काम.

तीन वाजता सोप्यात आईजवळ फतकल मारून तो पुन्हा कागद काढतो. समोर आईच्या मांडीवर पितळी ताट. तिच्या उजव्या हातातल्या चिमट्यात एक कडी, डाव्या चिमटीत लोंबणारी साखळी. कडीचं तोंड किंचित उघडायचं, साखळीच्या शेवटच्या कडीत ओवायचं, दाबायचं. बघेपर्यंत पुढची कडी. मान खाली, तोंडानं शेजारणीशी लग्नाच्या याद्या चालू, आणि एकही कडी चुकत नाही. मजुरी वजनावर. २०२५ मध्ये चांदी किलोला दीड लाखाच्या वर गेली, तेव्हापासून ताटाखाली चादर पसरलेली असते आणि काम उठलं की ती ताटातच झटकतात.

"आई, धोका पत्करण्याचं एखादं उदाहरण सांग."

"तुला शिकवलं ते."

हे उदाहरण तो लिहीत नाही. कोलंबस लिहितो. मग वास्को द गामा. मग कोलंबस खोडतो, कारण तो जिथं जायचं तिथं पोचलाच नव्हता आणि परीक्षक म्हटलं की काही सांगता येत नाही. तेवढ्यात काका येतात. हे काका पैंजणांची बॅग घेऊन महिन्याचे पंधरा दिवस रेल्वेत. तमिळनाडूपासून उत्तर प्रदेशापर्यंत दुकानं पालथी घालतात, भाषा एकही धड येत नाही, उधारी मात्र चारही भाषांत वसूल करतात. आजही निघालेत. दर वर असताना उधारीवर माल सोडायचा म्हणजे काळजाचं काम, असं ते आईला सांगत असतात.

"काका, जरा हळू बोला की. जहाज बंदरातनं बाहेर काढतोय."

"काढ बाबा. पर पाय तेवढा बाजूला घे, चार्जर काढायचाय."

संध्याकाळी मोबाइल घेतला जातो तो वास्को द गामाची तारीख बघायला. २० मे १४९८, कालिकत. ती पाव मिनिटात मिळते. मग चांदीचा दर. हुपरीत जन्मलेला माणूस दर बघितल्याशिवाय मोबाइल खाली ठेवत नाही, मग त्याची स्वतःची एक ग्रॅम का नसेना. मग दर का चढला याचा व्हिडिओ, मग अमेरिका, मग एकदम निकाल लागलेल्या कुणाची तरी मुलाखत. 'मी रोज एक निबंध लिहायचो,' असं तो मुलाखतीत सांगतो. ही मुलाखत साहेब दोनदा बघतात.

नऊ वाजता मात्र अंगात येतं. जे दिवसभरात झालं नाही ते पाऊण तासात होतं. गांधीजी चंपारणला जातात, चांद्रयान-३ उतरतं, 'थोडक्यात सांगायचे तर' दोनदा येतं. पावणेदहाला शब्द मोजले जातात: सहाशे चाळीस. 'आणि' जिथं होतं तिथं 'आणि त्याचबरोबर' घातल्यावर सहाशे त्र्याहत्तर.

बहीण ते चार कागद उचलून सरळ काट्यावर ठेवते. "अठरा ग्रॅम सातशे मिली. दादा, घट किती धरायची?"

"ठेव खाली. शाई ओली हाय."

दहाला दोन मिनिटं असताना फोटो जातात, तिसरा उलटा. तिसऱ्या दिवशी क्लासचा शेरा येतो: भाषा बरी, विस्तार कमी, उदाहरणे स्थानिक व स्वतःच्या पाहण्यातली द्यावीत. साहेब हे फार मनावर घेतात. आई ताट घेऊन बसलेली, आबा भट्टीपाशी, काकांचा कानपूरहून उधारीसाठी फोन चालू. त्या सगळ्या गलक्यात कानात बोटं घालता येत नाहीत म्हणून इअरफोन घालून ते मोबाइलवर शोधायला लागतात : निबंधासाठी स्थानिक उदाहरणे, मराठीत, पीडीएफ.