वॉटरमार्कवाले काका

प्रत्येक ट्रेकिंग ग्रुपात एक वॉटरमार्कवाले काका असतातच. बँकेतून निवृत्त, अंगात खिसेच खिसे असलेलं जाकीट, गळ्यात मुलानं अमेरिकेहून आणलेला कॅमेरा. कासची फुलं, भिगवणचे रोहित पक्षी, हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा, सगळं टिपून झालेलं असतं आणि स्वतःच्या वेबसाइटवर चढवूनही झालेलं असतं. लोकांनी पाहावं म्हणूनच चढवलेलं. पण जो पाहायला येईल तो चोर, अशी काकांची खात्री.

त्यांच्या फोटोत पहिल्यांदा त्यांचं नाव दिसतं. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. "काका, यात इंद्रवज्र कुठंय?" असं विचारलं की म्हणतात, "अरे, आडनावातल्या 'ळ'चे दोन गोल दिसतात ना? त्यांच्या शेजारचा तिसरा."

पूर्वी हे नाव निदान सरळ तरी असे. पण 2017 साली गूगलच्याच संशोधकांनी दाखवून दिलं, की एकच छाप पुष्कळ फोटोंवर असेल तर संगणक ती हुडकून आपोआप पुसू शकतो. दर फोटोत ती जराशी वेडीवाकडी केली तर मात्र काम अवघड होतं. हे काकांच्या वाचनात आलं. तेव्हापासून त्यांचं नाव रोहितांच्या थव्यातून झोकांड्या खात जातं. काकांनी आयुष्यात सुपारीसुद्धा खाल्लेली नाही, म्हणून सांगायचं.

वेबसाइटवर राइट क्लिक बंद. कुणी केलंच तर चौकट उघडते : 'हे आपणांस शोभते का?' शिवाय प्रत्येक फोटोवर एक पारदर्शक चित्र पसरलेलं, म्हणजे सेव्ह करणाऱ्याच्या हाती कोरा चौकोन लागावा. सुनेनं एकदा समजावलं, "बाबा, फोटो स्क्रीनवर दिसला म्हणजे तो समोरच्याच्या कॉम्प्युटरवर आधीच उतरलेला असतो. त्याशिवाय दिसेल कसा?" काका दोन दिवस जेवले नाहीत. मग त्यांनी सगळे फोटो सहाशे पिक्सेलचे करून टाकले.

कायदा त्यांना तोंडपाठ. 1957 चा कॉपीराइट कायदा, नोंदणीची गरज नाही, फोटो काढला त्या क्षणापासून हक्क आपला. 2012 च्या दुरुस्तीनंतर तर फोटोचा हक्क काढणाऱ्याच्या हयातीत आणि वर आणखी 60 वर्षं. त्यामुळे मृत्युपत्र दुरुस्त झालं : फ्लॅट मुलाला, कोकणकडा मुलीला. "आणि मला काय?" काकूंनी विचारलं. भिगवणबद्दल विचार चालू आहे.

दर रविवारी ते एकेक फोटो गूगलच्या इमेज सर्चमध्ये टाकून चोर शोधतात. चोर सापडत नाही. "बरंच झालं की," काकू म्हणतात. काका उत्तर देत नाहीत, चहाही अर्धाच पितात.

आणि एक दिवस चौकात फ्लेक्स लागला. भावी नगरसेवकांचा वाढदिवस, मागे साक्षात काकांचा कोकणकडा! नावावर बरोबर ओळीनं शुभेच्छुकांची मुंडकी बसवलेली. सहाशे पिक्सेल ताणून वीस फुटी केल्यामुळे कडा पार विरघळलेला. लोक म्हणत होते, "काय धुकं पकडलंय!"

काका तडक फ्लेक्सवाल्याच्या दुकानात. कलमं ऐकवली. पोरगं शांतपणे म्हणालं, "कॉपी नाय केली काका. राइट क्लिक चालतच नव्हतं. म्हणून मोबाइलनं स्क्रीनचा फोटो मारला. भारी काढलाय पण. अजून आहेत का असले?"

काका खुर्ची ओढून बसले. तासाभरानं बाहेर आले ते थेट चौकात, आणि त्यांनी फ्लेक्सचे चारी बाजूंनी फोटो काढले. तेही आता वेबसाइटवर आहेत. भावी नगरसेवकांच्या कपाळावरून काकांचं नाव तिरपं गेलंय, आणि राइट क्लिक अर्थातच बंद आहे.