आजरा : एक आंतरराष्ट्रीय केंद्र

आजरा हे कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण भागातील तालुक्याचे गाव घनसाळ तांदूळ आणि काजू यांसाठी प्रसिद्ध आहे. हवाई वाहतुकीतील त्याचे स्थान मात्र अभ्यासकांच्या नजरेतून सुटलेले दिसते. उत्तरेला कोल्हापूरचे उजळाईवाडी, आग्नेयेला बेळगावचे सांबरा, नैर्ऋत्येला गोव्याचे मोपा आणि पश्चिमेला सिंधुदुर्गातील चिपी, असे चार विमानतळ गावापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या आत आहेत. मुंबईला दुसऱ्या विमानतळासाठी 2025 पर्यंत थांबावे लागले. त्या वेळी आजऱ्याच्या भोवती चार उभे होते. आजऱ्याचा माणूस आखातात जायला निघाला की रात्रीच्या ट्रॅव्हल्सने मुंबईला जातो, एवढा एक किरकोळ तपशील या वैभवात बसत नाही.

चौघांपैकी उजळाईवाडी सर्वांत वयस्क. राजाराम महाराजांच्या काळात, 1939 मध्ये तेथे विमानतळ सुरू झाला. मार्च 2024 मध्ये नव्या टर्मिनलचे उद्घाटन झाले. 2018 पासून मुंबईच्या मार्गावर एअर डेक्कन, ट्रूजेट आणि स्टार एअर अशा कंपन्या आल्या आणि त्यांतल्या पहिल्या दोन गेल्या. परदेशी विमान येथून सुटत नाही. सांबऱ्याहूनही सुटत नाही. शिवाय सांबऱ्याला जाताना राज्याची सीमा ओलांडावी लागते, तेवढाच परदेशप्रवासाचा भास.

चिपीचा अभ्यास अधिक फलदायी आहे. 9 ऑक्टोबर 2021 रोजी हा विमानतळ सुरू झाला, तेव्हा व्यासपीठावर उद्धव ठाकरे आणि नारायण राणे हे राजकीय वैरी एकत्र बसले होते. विमानापेक्षा त्याच दृश्यासाठी अनेकांनी दूरदर्शन संच लावले. मुंबईची सेवा ‘उडान’ योजनेखाली होती. हवाई चप्पल घालणाऱ्यालाही हवाई जहाजात बसता यावे, हे 2017 मध्ये सुरू झालेल्या या योजनेचे ब्रीद. साधारण तासाभराच्या प्रवासाला अडीच हजार रुपयांच्या आसपास भाडे आणि कंपनीला होणाऱ्या तोट्याची तीन वर्षे सरकारकडून भरपाई, अशी तिची रचना होती. ही सवलत साधारण निम्म्याच जागांना लागू होती. उरलेल्या निम्म्या बाजारभावाने. म्हणजे एकाच रांगेत खिडकीशी बसलेली चप्पल आणि शेजारचा बूट यांच्या भाड्यात गणपतीच्या दिवसांत कितीही अंतर पडू शके, आणि बऱ्याचदा बुटाचे भाडे चप्पलवालाच भरत असे, कारण स्वस्त जागा आधीच संपलेल्या. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये तीन वर्षे भरली आणि मुंबईचे विमानही थांबले. अनुदान आणि प्रवास यांचे इतके एकनिष्ठ सहजीवन इतरत्र क्वचित आढळते.

चिपीला दोष देण्याचे कारण नाही. तो परंपरेला धरूनच वागला. ‘कॅग’च्या 2023 च्या अहवालानुसार उडानच्या पहिल्या तीन फेऱ्यांत 774 मार्ग वाटले गेले. त्यांतले 403 सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या 371 पैकी 112 मार्गांनी तीन वर्षांची मुदत पूर्ण केली आणि त्यानंतर मार्च 2023 पर्यंत टिकून राहिले ते 54. उद्घाटनाच्या फिती मात्र वाया गेल्या असे म्हणता येणार नाही.

उरतो मोपा. जानेवारी 2023 पासून चालू असलेला हा विमानतळ नावाने आणि कामानेही आंतरराष्ट्रीय आहे, आणि आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडी-बांद्यावरून तेथे पोहोचता येते. 2023 मध्ये एअर इंडियाने लंडनच्या गॅटविकची सेवा गोव्याच्या जुन्या दाबोळी विमानतळाहून येथे हलवली. 2024 मध्ये कतार एअरवेजही दाबोळी सोडून आली. जून 2025 मधील अहमदाबादच्या भीषण अपघातानंतर एअर इंडियाने मोठ्या विमानांच्या फेऱ्या कमी केल्या. वाढीव तपासण्या आणि बंद झालेल्या हवाई हद्दी ही कारणे खरी होती, त्यांवर शंका घेता येत नाही. लक्षात घेण्यासारखा आहे तो कपातीचा क्रम. दिल्ली-मुंबईच्या लंडन फेऱ्या चालू राहिल्या, गोवा-गॅटविक आधी जुलैच्या मध्यापर्यंत बंद झाली आणि मग ती मुदत सप्टेंबरअखेरपर्यंत वाढली. संकट कोणतेही असो, ते टोकाच्या थांब्यावर आधी उतरते.

परदेशी कंपन्यांनी ही पोकळी भरावी, तर तेथे द्विपक्षीय करार आडवा येतो. परदेशी कंपनीने भारतात कोणत्या शहरांत उतरायचे याची यादी करारात असते आणि त्या यादीत कोल्हापूर, बेळगाव, चिपी नाहीत. केरळातील कन्नूर 2018 पासून आंतरराष्ट्रीय विमानतळ आहे, पण परदेशी कंपन्यांना तेथे उतरण्याचा हक्क मिळावा म्हणून त्याला वर्षानुवर्षे अर्ज करावे लागले. दुबईबाबत जागांचीही मर्यादा आहे : दोन्ही बाजूंना आठवड्याला सुमारे 66 हजार, 2014 मध्ये ठरलेली. देशी कंपन्या वाढाव्यात म्हणून सरकार ती वाढवत नाही. या कंपन्यांच्या वाढीचा खर्च सुट्टीवर येणारा सुतार आणि इलेक्ट्रिशियन तिकिटातून भरतात. त्यांना भागधारक करून घेण्याची सूचना अद्याप कोणी केलेली नाही.

आता भाडे. एकाच विमानातील सारख्या जागा वेगवेगळ्या दरांच्या गटांत वाटलेल्या असतात. स्वस्त गट संपला की तो बंद होतो आणि पुढचा उघडतो. 1985 मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने पीपल एक्स्प्रेस या स्वस्त कंपनीला तोंड देताना ही पद्धत रुजवली. तिचा गाभा असा की ज्याला तारीख बदलता येते त्याला स्वस्त, ज्याला येत नाही त्याला महाग. गोव्यात मौजेला जाणारा तारीख बदलू शकतो. कंपनीने दिलेल्या रजेत गणपतीला किंवा ईदला घरी येणारा बदलू शकत नाही, आणि वडिलांच्या अंत्यविधीला निघालेला तर मुळीच नाही. संगणकाला मृत्यू कळत नाही, त्याला फक्त उद्याचे तिकीट मागणारा दिसतो.

कायदा याबाबत गप्प नव्हता. 1937 च्या विमान नियमांतील 135 व्या नियमाने भाडे ठरवताना खर्च आणि वाजवी नफा विचारात घ्यायला सांगितले. वाजवी म्हणजे किती, हे कंपन्यांच्या सद्सद्विवेकावर सोपवले गेले. सरकारला मर्यादा घालता येत नाही असेही नाही. मे 2020 ते ऑगस्ट 2022 या काळात देशांतर्गत भाड्यांना किमान-कमाल मर्यादांचे पट्टे होते. डिसेंबर 2025 मध्ये इंडिगोची विमाने रद्द होऊन विमानतळांवर बॅगांचे डोंगर साचले, तेव्हा 500 किलोमीटरपर्यंत साडेसात हजार आणि 1,500 च्या पुढे 18 हजार अशा मर्यादा एका दिवसात जाहीर झाल्या. त्या देशांतर्गत प्रवासापुरत्या होत्या. परदेशी जाणाऱ्याच्या बॅगांचा डोंगर अजून पुरेसा उंच झालेला नाही.

काटकसरी प्रवासी कोल्हापूर-मुंबई आणि मुंबई-दुबई अशी दोन वेगळी तिकिटे काढतो. पहिले विमान ऐनवेळी रद्द झाले तर एक तासापर्यंतच्या उड्डाणासाठी पाच हजार रुपये किंवा मूळ भाडे अधिक इंधन अधिभार, यांतील जी रक्कम कमी असेल ती भरपाई म्हणून मिळू शकते, तीही कारण कंपनीच्या हातातले असेल तर. दुसऱ्या कंपनीच्या दप्तरी तो ‘आलाच नाही’ एवढीच नोंद होते.

म्हणून चार विमानतळांचा हा रहिवासी शेवटी ट्रॅव्हल्सचे तिकीट काढतो. गणपतीत तीही महागते. पण 2018 च्या शासन निर्णयाने खासगी बसला एसटीच्या भाड्याच्या दीडपटीहून अधिक घेण्यास मनाई आहे. हा नियम किती पाळला जातो हे आजऱ्याच्या स्टँडवर कोणीही सांगेल. तरी आजरा ते दुबई या प्रवासात ज्याच्या भाड्याला कागदावर कायमची कमाल मर्यादा आहे, असा टप्पा तो एकच.